गर्भपातानंतरचं आयव्हीएफ गरोदरपण: एका स्कॅनपासून दुसऱ्या स्कॅनपर्यंत भीती कशी सांभाळायची

बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आल्याचा फोन येतो, घरातले हातावर साखर ठेवतात, आणि जिच्या पोटात ही बातमी आहे तिच्या मनात मात्र पहिला विचार येतो, 'आता हे टिकेल ना?' आधी एकदा गर्भपात झालेला असला की हे असंच होतं. त्यात आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूबचा उपचार, म्हटलं की इंजेक्शनं, कर्ज काढून उभा केलेला पैसा आणि घाट चढून-उतरून केलेल्या फेऱ्या. अशा बाईला 'आनंदी राहा, चांगले विचार कर' म्हणून सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं.

मी राजापूरच्या बाजूची, उपचार कोल्हापुरात घेतलेले. भीती शेवटपर्यंत गेली नाही. पण एक गोष्ट लवकर लक्षात आली. तिच्यातली निम्मी भीती रस्त्याची, मोबाइलच्या रेंजची, संपत आलेल्या औषधांची आणि लोकांच्या तोंडाची होती. या निम्म्या भागाचा बंदोबस्त करता येतो. तो केला की उरलेली भीती झेपण्याइतकी होते. पुढे जे लिहिलंय ते त्या बंदोबस्ताबद्दल.

सगळ्यात आधी: 'माझ्यामुळे झालं' हे डोक्यातून काढा

गर्भपात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न 'काय उचललंस, कुठे गेलीस' हाच असतो. तो ऐकून ऐकून बाईलाही खरं वाटायला लागतं. वस्तुस्थिती अशी आहे की पहिल्या तीन महिन्यांतल्या निम्म्याहून अधिक गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतली गडबड असते. ती गर्भधारणेच्या वेळीच किंवा पहिल्या काही पेशी तयार होताना झालेली असते. विहिरीवरून कळशी आणल्यानं, जिना चढल्यानं, एसटीनं माहेरी गेल्यानं ती होत नाही. निदान झालेल्या दर १०० गरोदरपणांतली साधारण १० ते २० गर्भपातात संपतात, आणि एक गर्भपात झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं बाळंतपण नीट पार पडतं. दोन किंवा जास्त वेळा झालं असेल तर थायरॉइड, रक्त गोठण्याशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड तपासण्या, गर्भाशयाची रचना आणि दोघांची गुणसूत्रं हे सगळं पाहिलं गेलंय का, ते डॉक्टरांना विचारा.

ट्रान्सफरनंतर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवल्यावर, पलंगावर पडून राहिल्यानं गर्भ जास्त घट्ट धरतो, यालाही आधार नाही. उलट हार्मोनची औषधं चालू असताना फार पडून राहिलं तर पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. आणि रात्रभर रडलात, घाबरून झोप लागली नाही, तर त्यानं गर्भ पडत नाही. 'काळजी केलीस तर बाळाला त्रास होईल' हे वाक्य ऐकून बायका काळजीचीच काळजी करत बसतात. महिनोन्महिने अंगावर काढलेल्या तीव्र चिंतेवर उपचार घ्यायलाच हवेत. एका वाईट रात्रीचा हिशेब मात्र मांडू नका.

दिवस बरोबर मोजा

ही गोष्ट छोटी दिसते, पण निष्कारण धसका बसायचं हे मोठं कारण आहे. पाच दिवसांचा भ्रूण ठेवला असेल तर ट्रान्सफरच्या दिवशी तुमचे २ आठवडे ५ दिवस पूर्ण झाले असं धरतात; तीन दिवसांचा असेल तर २ आठवडे ३ दिवस. म्हणजे १ जूनला पाच दिवसांचा भ्रूण ठेवला तर २९ जूनला ६ आठवडे ५ दिवस होतात आणि प्रसूतीची तारीख १७ फेब्रुवारीच्या आसपास येते. फ्रोझन (गोठवलेल्या भ्रूणाच्या) ट्रान्सफरमध्ये पाळीच्या तारखेवरून काढलेलं गणित यापेक्षा पुढे-मागे होऊ शकतं. तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरला ट्रान्सफरची तारीख माहीत नसेल तर 'वाढ दिवसांच्या मानाने कमी' असं लिहून येतं आणि घरात रडारड होते. ट्रान्सफरचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि स्कॅनला बसण्याआधीच दाखवा.

बीटाच्या एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. ४८ तासांनी तो किती वाढला हे डॉक्टर पाहतात. त्यामुळे नणंदेचा आकडा, ग्रुपवरच्या कुणाचा आकडा, यांच्याशी तुलना करून काही हाती लागत नाही. घरी रोज पट्टी लावून रेघ गडद झाली का ते बघणंही सोडा. लघवी किती पातळ आहे त्यावरही रेघ बदलते. पहिला स्कॅनही सांगितल्याआधी करून घेऊ नका. पाचव्या आठवड्यात नुसती पिशवी दिसते, ठोके साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात. घाई केली तर 'दिसत नाही, आठवड्यानं या' एवढंच ऐकायला मिळतं, आणि तो आठवडा कसा जातो ते सांगायला नको.

एक वही, तीन भाग

शंभर पानी वही घ्या आणि तिचे तीन भाग करा.

पहिल्या भागात 'लगेच फोन'. या पानावर हे लिहून ठेवा, वेळ बघायची नाही, रात्री दोनलाही फोन करायचा:

- तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव किंवा गुठळ्या पडणं
- पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर येऊन पडणं (आयव्हीएफमध्येही गर्भ नळीत राहू शकतो)
- १००.४ च्या वर ताप. पाणीही पोटात राहत नाही इतक्या उलट्या
- ताज्या (भ्रूण न गोठवता केलेल्या) ट्रान्सफरनंतर पोट टम्म फुगणं, धाप लागणं, लघवी कमी होणं
- पुढच्या महिन्यांत: अंगावरून पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, तळहात-तळपायांना विलक्षण खाज, बाळाची हालचाल कमी वाटणं

दुसऱ्या भागात 'दिवसा विचारायचं'. वेदना नसताना दिसलेला तपकिरी डाग, बद्धकोष्ठता, पाठदुखी, एखादी गोळी विसरली वगैरे. सकाळी क्लिनिक उघडलं की फोन, किंवा पुढच्या भेटीत. डागाबद्दल एवढं लक्षात असू द्या की पहिल्या तीन महिन्यांत दर चारपैकी साधारण एका बाईला थोडंफार रक्त दिसतं आणि त्यातल्या पुष्कळजणींचं गरोदरपण व्यवस्थित पुढे जातं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्त दिसल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का, हे मात्र त्याच दिवशी विचारा.

तिसऱ्या भागात ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही ते. 'पुन्हा तसंच झालं तर?' 'ठोके थांबले असले तर?' हे प्रश्न दिवसभर येणार. आले की एका ओळीत लिहायचे आणि वही मिटायची. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास वीस मिनिटं ठरवून घ्यायची, त्या वेळात वही उघडून हवी तेवढी काळजी करायची, रडायचं असेल तर रडायचं. झोपण्याआधी ही वेळ ठेवू नका. समुपदेशक ही पद्धत शिकवतात, आणि सुरुवातीला ती हास्यास्पद वाटते. 'काळजी काय घड्याळ लावून करायची?' असं माझंही झालं होतं. पण दुपारी आलेला विचार संध्याकाळवर ढकलता येतो हे एकदा कळलं की त्याचा जोर उतरतो.

बाथरूमबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण खरी लढाई तिथे असते. दर वेळी खिडकीजवळ जाऊन, उजेडात कपडा धरून, हा डाग गुलाबी आहे की पिवळट, हे निरखणं. खालून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकायला मदत करणाऱ्या हार्मोनच्या) गोळ्या विरघळून पांढरट, चुन्यासारखा स्राव येतो. तो ओलसर लागला की रक्तच असणार म्हणून काळजात धस्स होतं. कधी गोळी ठेवताना आतल्या नाजूक त्वचेला लागून गुलाबी रेघही येते. नियम साधा ठेवा: लघवीला लागली तरच जायचं, एकदाच बघायचं, फक्त तपासायला म्हणून उठायचं नाही.

आणि 'आज मळमळ नाही, छाती दुखत नाही' या धसक्याबद्दल. जड छाती, पोटफुगी, बद्धकोष्ठता यातलं बरंच काही प्रोजेस्टेरॉनच करतं, गर्भ असो वा नसो. लक्षणं रोज कमी-जास्त होतात. त्यांच्यावरून आतलं काही कळत नाही, ना चांगलं ना वाईट.

घाटापलीकडचं क्लिनिक

मुंबई-पुण्याच्या बायकांसाठी लिहिलेल्या लेखांत हा भाग नसतो. आपलं आयव्हीएफ सेंटर कोल्हापूर, बेळगाव, गोवा, पुणे नाहीतर मुंबईत. आपण देवगडात, गुहागरात किंवा श्रीवर्धनात. सेंटर साधारण आठ-दहा आठवड्यांनी 'आता तुमच्या डॉक्टरांकडे जा' म्हणून सोडतं. तोवर थांबू नका. ट्रान्सफरच्या सुमारासच तालुक्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फाइल दाखवून या आणि रात्री काही झालं तर कुणाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा ते विचारा.

मग दोन दवाखाने ठरवा. एक सगळ्यात जवळचं, जिथे रात्रीही सोनोग्राफी होऊ शकते. दुसरं मोठं, जिथे रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागला जिल्हा रुग्णालयं आहेत, चिपळूणजवळ डेरवणचं रुग्णालय आहे. कुठे काय चालू आहे ते आधी स्वतः जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर राहू नका. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, पण वाडीपर्यंत पोचायला तिला किती वेळ लागतो ते आशाताईंना ठाऊक असतं. शेजारच्या दोन गाडीवाल्यांना आधी सांगून ठेवा. एकच सांगितला तर तो नेमका त्या रात्री भजनाला गेलेला असतो.

पावसाळ्यात गरोदर असाल तर बेत आणखी पक्का हवा. आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, कुंभार्ली, यातला कोणताही घाट दरड कोसळून बंद होऊ शकतो, म्हणून दुसरा रस्ता ठरलेला असावा. औषधं किमान पंधरा दिवसांची जादा घरात ठेवा. खालून ठेवायच्या गोळ्या आणि इंजेक्शनं लहान गावातल्या मेडिकलमध्ये चटकन मिळत नाहीत. कोणतं औषध फ्रीजमध्ये आणि कोणतं नुसत्या गारव्यात ठेवायचं ते खोक्यावर मार्करनं लिहा. लाइट दोन दिवस गेली तर काय करायचं, हेही औषध घेतानाच विचारून घ्या.

प्रवासाची भीती घालवा. महामार्गावरच्या खड्ड्यांनी कंबर मोडते, गर्भ पडत नाही. सीटबेल्ट पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्या, दर दोन तासांनी उतरून चाला, पाणी पीत राहा. कोकण रेल्वेनं जाणार असाल तर आरक्षण खिडकीवर डॉक्टरांचं पत्र दाखवून खालचा बर्थ मागा.

स्कॅनचा दिवस

मागच्या वेळी ज्या खोलीत 'ठोके दिसत नाहीत' हे ऐकलं, तशाच अंधाऱ्या खोलीत पुन्हा आडवं व्हायचं असतं. गार जेल, डॉक्टरांची नजर स्क्रीनवर, की-बोर्डची टकटक आणि कुणी काही बोलत नाही. डॉक्टर मापं घेत असतात, पण तुम्हाला ती शांतता ओळखीची असते. म्हणून झोपण्याआधीच सांगा: "डॉक्टर, मागच्या वेळी सोनोग्राफीतच कळलं होतं. आधी ठोके बघून तेवढं सांगा, मग बाकीची मापं घ्या." बहुतेक डॉक्टर ऐकतात. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे बाहेर तीन तास बसावं लागत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे फॉर्म भरावा लागतो, आधार कार्ड जवळ ठेवा. नवऱ्याला आत घेतात का ते आदल्या दिवशी फोनवर विचारा.

वेळापत्रक साधारण असं असतं: सहा-सात आठवड्यांना पहिला, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारा), १८ ते २० आठवड्यांत अ‍ॅनोमली (बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघणारा), त्यानंतर वाढीचे. एनटीबरोबर डबल मार्करची रक्ततपासणी असते, बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याचा धोका किती ते त्यावरून काढतात. आयव्हीएफ आहे हे लॅबच्या फॉर्मवर लिहायलाच हवं, आणि भ्रूण गोठवलेला असेल किंवा बीज दात्या बाईचं असेल तर बीज काढलं तेव्हाचं वय द्यावं लागतं. नाहीतर धोक्याचं गणितच चुकतं. 'हाय रिस्क' शेरा आला तरी ते निदान नसतं, पुढच्या तपासणीची शिफारस असते.

स्कॅन चांगला आला की दोन दिवस छान जातात आणि तिसऱ्या दिवशी भीती परत येते. 'आपलंच काहीतरी बिनसलंय' असं वाटून घेऊ नका, जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. सगळ्यात कठीण पट्टा १३ ते १९ आठवड्यांमधला. मोठा स्कॅन नाही, बाळ अजून कळत नाही, आणि दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनही बंद झालेलं. ते बंद करताना हात थरथरतो, पण तोवर वारेनं ते काम स्वतःकडे घेतलेलं असतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते थांबवूही नका आणि लांबवूही नका. या मधल्या काळात एक जादा भेट मागून घ्या, दवाखान्यातल्या डॉप्लरवर ठोके ऐकवतात. घरी वापरायचं डॉप्लर मात्र घेऊ नका. शिकलेला हात नसेल तर स्वतःच्याच नाडीचा आवाज बाळाचा वाटतो, आणि ठोके सापडले नाहीत तर रात्र वैऱ्याची.

मागचा गर्भपात ज्या आठवड्यात झाला तो आठवडा आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवसांत एकटं राहू नका, नवऱ्याला रजा काढायला सांगा. जुनी फाइल, जुना सोनोग्राफीचा फोटो गोदरेजच्या कपाटात तळाशी ठेवलेला असेल तर तो फेकायची गरज नाही. या बाळाची वाट बघताना त्या बाळाची आठवण येणं अपशकुन नव्हे.

घर, गाव आणि गौरी-गणपती

आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत सांगत नाहीत. ठेवा गुप्त, पण एका तरी माणसाला सगळं माहीत हवं. मागच्या वेळी कुणालाच सांगितलं नसेल तर त्या दुःखात तुम्ही एकट्या पडला होता, हे विसरू नका.

गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं आणि प्रश्नही येतात. गौरीच्या ओवशाला जमलेल्या बायकांत कुणीतरी पोटाकडे बघणारच. उत्तर आधी ठरवा आणि ते नवऱ्यानं द्यायचं: "डॉक्टरांकडे चाललंय, काही असलं की आम्हीच सांगू." एवढंच, पुन्हा विचारलं तरी एवढंच. 'टेस्ट ट्यूब'वरून कुणी नाक मुरडलं तर सांगा की १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून अशी मुलगी जन्मली, आता त्यालाही चाळीसेक वर्षं झाली.

सासूबाई "पडान रव गो, उठा नको" म्हणतात ते मायेनंच. वाद घालू नका. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि 'चालू का?' हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. देवळात कौल लावून, नवस बोलून कुणाला बरं वाटत असेल तर माझी हरकत नाही. पण कुणाची नजर लागली, कुणी काय केलं, असा शोध सुरू झाला की तिथून उठा. त्यातून भांडणं होतात आणि भीती दुप्पट होते. निर्जळी उपास या वर्षी नको.

खाण्याबद्दल थोडक्यात. पिकलेला आंबा 'उष्ण' म्हणून गर्भ पडत नाही, फक्त साखर तपासून बेतानं खा. कच्ची पपई टाळा. माशांत तारली, बांगडा चांगले. मोरी नको आणि मोठी सुरमई क्वचितच, कारण मोठ्या माशांत पारा जास्त साठतो.

नवऱ्यालाही भीती असते, तो बोलत नाही एवढंच. त्याला 'धीर दे' असं मोघम सांगण्यापेक्षा काम द्या: औषधांचा तक्ता, फाइल, क्लिनिकचे फोन, गाडीची सोय.

छाती धडधडायला लागली तर

चार अंक मोजत नाकानं श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा, पाच मिनिटं. श्वास कोंडून धरू नका. मन भरकटत राहिलं तर पडवीत येऊन बसा आणि दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मोठ्यानं घ्या: माड, तुळशीवृंदावन, दोरीवरचा टॉवेल, पन्हळ, मांजर. मग ऐकू येणाऱ्या चार. मन आत्ताच्या क्षणी परत आणायला एवढं पुरतं. रात्री नऊनंतर मोबाइलवर लक्षणं शोधायची नाहीत आणि आयव्हीएफचे ग्रुप म्यूट. धडधड रोजचीच झाली तर टीएसएच आणि हिमोग्लोबिन तपासा. थायरॉइड वाढलेलं असणं आणि रक्त कमी असणं या दोन्हींनी हुबेहूब घाबरल्यासारखं होतं.

पंधरा दिवसांहून जास्त काळ बहुतेक वेळ भीतीच असेल, दमूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, भीतीपोटी स्कॅन पुढे ढकलत असाल, तर ही घरगुती उपायांची गोष्ट राहिली नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येतं. मनासाठीच्या काही गोळ्या गरोदरपणातही देतात. आधीपासून चालू असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि फोन लावा.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर

पहिली हालचाल अठरा ते वीस आठवड्यांच्या आसपास कळते, वार पुढच्या बाजूला असेल तर थोडी उशिरा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर रोज एका ठरावीक वेळी, जेवणानंतर, कुशीवर पडून हालचाली मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा वेगळं वाटलं, तर साखरेचं पाणी पिऊन वाट बघत बसू नका, दवाखान्यात जा. 'उगाच आलात' असं कुणी म्हणालं तरी पुढच्या वेळीही जा.

आयव्हीएफ आहे एवढ्याच कारणानं सिझेरियन लागत नाही. कारण विचारा आणि मग ठरवा. तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल आणि घर नदीपलीकडे किंवा घाटाखाली असेल तर शेवटचे दोन-तीन आठवडे मोठ्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायचं आत्ताच बोलून ठेवा. बाळ झाल्यावरही काहीजणी रात्री दर दहा मिनिटांनी त्याच्या नाकाशी बोट धरून बघतात. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात, बाळाचं वजन करतात; आपण किती झोपतो तेही त्यांना सांगायचं.